पुढच्या सीटखालचं इंजिन

फिलिमोने रोज सकाळी दोन गोष्टी उचलायचा. आधी बाप, मग गाडीची पुढची सीट.

बाप म्हणजे तानिएला, अर्धांगाने पडलेला. तरुणपणी हा माणूस जिवंत डुक्कर खांद्यावर टाकून रानातून घरी यायचा. पडल्यावर त्याचं वजन उतरलं नाही, फक्त स्वतःचं स्वतः पेलणं थांबलं. फिलिमोने खाटेवर एक गुडघा टेकायचा, बापाचा धड हात स्वतःच्या गळ्याभोवती घ्यायचा आणि मांड्यांच्या जोरावर उठायचा. आमच्याकडे मुलाने बापाच्या डोक्याला हात लावायचा नसतो, त्यामुळे मान कोपराने सावरावी लागायची. करून बघा. मी रस्त्याच्या खात्यात यंत्रं सांभाळली, इंजिनं उतरवली, चढवली. ओझं कोण कंबरेने उचलतो आणि कोण पायांनी, हे मला लांबून दिसतं. कंबरेने उचलणारा लवकर मोडतो. फिलिमोने पायांनी उचलायचा.

त्याचे भाऊ सगळे बाहेर गेले, दोघं सिडनीला, दोघं ऑकलंडला. आमच्या गावात, कोलोवाईत, भावांपैकी हा एकटा उरला. दरवर्षी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला माणसं नेतात, तेव्हा याचंही नाव निघायचं. चांगला धडधाकट माणूस, दारू नाही, भांडण नाही. हा नको म्हणायचा.

"काका, ही गाडी चालतेय तोवर मी इथे," तो मला म्हणायचा. "गाडी बंद पडली की मी गेलो. मग बाबांना कोण उचलणार?"

गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. जपानात कुणीतरी वापरून टाकलेली, जहाजातून आमच्याकडे आलेली. काचेवर जपानी अक्षरांची चिठ्ठी अजून होती. आत काय लिहिलंय ते कुणाला माहीत नाही, पण त्याने ती कधी काढली नाही. सकाळी शाळेची पोरं, मग चटया विणणाऱ्या बायका बाजाराला, संध्याकाळी चर्चची गाणारी मंडळी तालमीला. आठवडाभर गाडी फिरायची आणि घर चालायचं.

या गाडीचं इंजिन पुढे नाकात नसतं, पुढच्या सीटखाली असतं. पाणी बघायचं तर ड्रायव्हरच्या शेजारची सीट उचलावी लागते. रेडिएटरचं झाकण तिथेच खाली. सीटवर बसलेल्याने उतरल्याशिवाय ते दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

दुखणं सुरू झालं ते असं. फिलिमोने एक दिवस माझ्या अंगणात गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, पाणी जातंय. पण कुठं जातंय ते कळत नाही. खाली थेंब नाही."

"रात्री जिथे उभी करतोस तिथे?"

"कोरडं. डुकरं लोळतात तिथे, ओलं असतं तर त्यांना आधी कळलं असतं."

मी सीट उचलून नाक घातलं. गोडूस वास आला.

"यात कूलंट आहे?"

"होतं कधीतरी. आता साधं पाणी." तो जरा घुटमळला. "आणि एकदा नारळपाणी."

"काय?"

"बायकोची मावशी होती गाडीत. कालोलाइने. वाटेत उकळलं, पाणी नव्हतं, तिच्याकडे कोवळे नारळ होते. ती म्हणाली, आजाऱ्याला देतात, गाडीला का नाही?"

"मावशीला सांग, पुढच्या वेळी बिस्किटंही दे."

तो हसला. मी नाही हसलो. नारळपाण्यात साखर असते, ती आत जळून चिकटते. पण दुखणं ते नव्हतं. मी गाडीखाली आडवा झालो. थंड देशातली गाडी, तिच्यात मागच्या माणसांनाही ऊब देणारा हीटर. त्याच्यासाठी इंजिनातलं गरम पाणी लोखंडी नळ्यांनी फरशीखालून पार मागपर्यंत जातं. आमच्याकडे तो हीटर कुणी जन्मात लावत नाही, पण पाणी त्या नळ्यांतून फिरतंच. समुद्राची हवा, प्रवाळाच्या चुऱ्याचा रस्ता. नळ्या गंजून चाळण झाल्या होत्या. गाडी पळताना पाणी दाबाने बाहेर पडायचं आणि रस्त्यावर उडून जायचं. उभी असताना थेंब नाही. मी मागच्या नळ्या तोडून टाकल्या आणि त्यांच्या तोंडाचे दोन्ही रबरी पाइप एकमेकांना जोडून दिले; पुढचा हीटर तसाच ठेवला. अर्ध्या सकाळचं काम, पण आडवं पडून, तोंडावर गंज घेत.

पाणी जाणं कमी झालं. थांबलं नाही. आता रेडिएटर बघितला. आत चुन्याची पुटं. आमच्या नळाचं पाणी जमिनीतल्या चुनखडीतून येतं. किटलीत ठेवलं तर किटली आतून पांढरी होते. म्हणून प्यायला आम्ही छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतो. टाकीचं पाणी माणसाचं, नळाचं पाणी बाकी सगळ्याचं. गाडी बाकी सगळ्यात.

"टाकीतलं घालायला हवं होतंस," मी म्हटलं.

"गाडीला टाकीतलं? आणि बाबांनी काय प्यायचं?"

कोलोवाईत कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. रेडिएटरच्या नळ्या चुन्याने अर्ध्या बुजल्या होत्या आणि एका सांध्यातून पाणी पाझरत होतं. डाग देऊन बघितला, धरला नाही. नवीन रेडिएटरच हवा होता. ऑकलंडच्या भावाने जहाजाने पाठवतो म्हणून कळवलं. जहाज येईपर्यंत कसं चालवायचं ते मी फिलिमोनेला नीट सांगितलं. लांब जाऊ नकोस. गेलास तर मध्ये थांब, इंजिन निवू दे, मग सीट उचल, झाकणावर ओला कपडा टाकून हळू उघड, पाणी घाल. काटा लाल रेघेकडे निघाला की पुढचा हीटर पूर्ण सोड. तेवढीच आग इंजिनातून बाहेर निघते. आणि तापलेला काटा एकदम खाली आला तर खूश होऊ नकोस. तो पाण्याची ऊब मोजतो. पाणीच उरलं नाही तर तो काय मोजणार? तो खाली पडतो.

"म्हणजे खाली आला तर जास्त वाईट?"

"सगळ्यात वाईट."

त्याने मान हलवली. तेव्हापासून ड्रायव्हरच्या पायाशी टाकीच्या पाण्याची बाटली. प्रत्येक फेरीनंतर सीट वर, बाटली आत. एक दिवस चुकला नाही. मी लक्ष ठेवून होतो.

आता लुपे.

लुपे फिलिमोनेची थोरली बहीण. नवरा वारलेला, घर आमच्या गल्लीच्या टोकाला. आमच्याकडे बहीण भावाच्या वर असते आणि भावाच्या मुलांना ती बापापेक्षा मोठी. मोठी झालेली भावंडं एका छपराखाली झोपत नाहीत. ती ओसरीवर आली की हा मागच्या दाराने अंगणात. भावासमोर तिची कुणी थट्टा करत नाही, तिच्यासमोर त्याची कुणी करत नाही. शरीराचं काही, बसण्या-उठण्याचं, आडोशाला जाण्याचं, हे दोघांच्या कानावर एकत्र पडता कामा नये. बापाला भेटायला लुपे रोज यायची, पण फिलिमोनेची गाडी बाहेर पडल्यावर. गाडीचा आवाज हेच तिचं घड्याळ.

लुपे कडक बाई नव्हती. कमी बोलायची. तिच्या चटईला बाजारात लोक थांबून बघायचे. इतकी बारीक वीण आता कुणी करत नाही, कारण तेवढा वेळ पाठ वाकवून कुणी बसत नाही.

त्यांच्या चुलतभावाचा मुलगा वारला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, निउतोउआला. लुपे त्याची आत्या. मृताच्या डोक्याशी आत्या बसते. ती बसल्याशिवाय पेटी झाकत नाहीत, आणि उन्हं कलायच्या आत पुरायचं ठरलं होतं. लुपेला तिचा मुलगा नेहमी गाडीतून न्यायचा. तो आदल्या दिवशीच गाडी घेऊन तिकडे खड्डा खणायला गेला होता. गल्लीत दुसरी गाडी नव्हती. राहिली फिलिमोनेची, पाझरणारी, आणि लांबचा रस्ता.

तो सकाळी माझ्याकडे आला.

"जाऊ का काका?"

"मध्ये थांबून पाणी घातलंस तर पोचशील."

"दोनदा थांबतो."

"थांब."

मला वाटलं, लुपे बायकांबरोबर मागे बसेल. त्यालाही तसंच वाटलं असावं. पण दुपारी गाडी दारात लागली आणि मागे बसलेल्या बायकांनी पुढची सीट रिकामी ठेवली. ती तिचीच जागा. आत्या, मयताला निघालेली, तिला मागे कोण बसवणार? लुपे काळे कपडे, कमरेला मयताला गुंडाळतात ती चटई, अशी आली, पुढे बसली आणि समोर बघू लागली. फिलिमोनेही समोर बघू लागला.

पुढचं सेइनीने मला सांगितलं. सेइनी फिलिमोनेची बायको, मागच्या बाकावर होती. शेजारी तिची मावशी कालोलाइने, जिच्या तोंडाला एरवी झाकण नाही.

"काका, मावशी गप्प होती. तुम्हीच समजा," सेइनी म्हणाली. "नवरा पुढे, वन्सं पुढे. आम्ही भजनं म्हणत होतो, दुसरं बोलायचं काय? मुआ गाव मागे पडलं आणि माझं लक्ष काट्यावर गेलं. वर चढत होता. यांनी बघितला. मी यांच्या मानेकडे बघत होते, मान ओली झाली."

"हीटर सोडला?"

"कसा सोडणार? गरम वारा थेट वन्संच्या पायावर गेला असता."

हेही खरं.

"मग मी मावशीला कोपराने ढोसलं. मावशी म्हणाली, अरे ड्रायव्हर, म्हाताऱ्या माणसाला पाय मोकळे करायचेत. यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, फणसासारखी ती झाडं आहेत ना ब्रेडफ्रूटची, तिथे. आम्ही सगळ्या उतरलो. मुद्दाम सगळ्या. म्हटलं, आता वन्संही उतरतील."

"नाही उतरल्या."

"नाही. समोर बघत बसून राहिल्या. हे बाटली घेऊन पुढून फेरी मारून त्यांच्या दारापर्यंत आले. दारापाशी थांबले. वन्संनी यांच्याकडे बघितलं नाही, यांनी त्यांच्याकडे नाही. आणि मग काका, यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि पाणी स्वतः प्यायले."

"प्यायला?"

"उभे होते ना बाटली घेऊन. काहीतरी करायला हवं होतं."

"तू का नाही बोललीस?"

"मी? वन्संना? उठा म्हणून?" सेइनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला वेड लागलंय. "मावशी माझ्या कानात म्हणाली, मी सांगते. मी तिचा हात धरला. माझ्या माहेरच्या बाईने वन्संना जागेवरून उठवलं असतं तर मी त्या मयतात कुठे तोंड लपवलं असतं?"

निवायला गाडी उभी ठेवावी तर उन्हं कलायला आली होती. तिकडे पेटी उघडी होती आणि आत्या वाटेत. फिलिमोने परत बसला आणि गाडी सुरू केली.

काटा पुन्हा चढला, लाल रेघेला टेकला. तो हळू चालवू लागला, खिडक्या उघड्या. सेइनी म्हणाली, त्याचे ओठ हलत होते. बायका भजन म्हणत होत्या, तोही म्हणतोय असं तिला वाटलं. मग काटा थरथरला आणि खाली आला. सरळ खाली, जणू गाडी नुकतीच सुरू केली आहे. फिलिमोनेने मोठा श्वास सोडला आणि गाडीचा वेग वाढवला.

निउतोउआचं चर्च दिसू लागलं त्या चढावर आतून हातोडी मारल्यासारखा आवाज आला, मग किंचाळल्यासारखा, आणि गाडी बंद पडली. चाकं घसरत थांबली. फुलं घेऊन जाणारा एक ट्रक मागून आला. लुपेला त्यांनी पुढे बसवलं. ती वेळेत पोचली. डोक्याशी बसली. पेटी तिच्यानंतरच झाकली. त्या बाजूने कुणालाही काही बोल लावता येणार नाही.

मी दुसऱ्याच्या ट्रकमधून दोर घेऊन पोचलो तेव्हा फिलिमोने रस्त्याकडेला गवतात बसला होता. सीट उचलून ठेवली होती. आता ती उचलायला कुणाची आडकाठी नव्हती. मी इंजिनाला हात लावून बघितला आणि काढून घेतला. अजून भाजत होतं. आत एक थेंब नव्हता.

"काटा खाली आला होता, काका."

"पाणी संपल्यावर तो खालीच येतो. सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतं."

"विसरलास?"

"नाही. आठवलं होतं." त्याने गवताची काडी तोडली. "मी देवाला म्हटलं, ताईला एवढं पोचव. म्हटलं आणि काटा खाली आला. त्याच घडीला. आता तुमचं खरं मानू की त्याचं?"

मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा माणूस. मी दोर बांधला.

"ताई पोचली ना?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"पोचली."

"मग झालं."

पण झालं नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. गाडी ओढत आणली. इंजिनाचं वरचं डोकं आम्ही दोघांनी उतरवलं. सरळ पट्टी ठेवून बघितलं तर पट्टीखालून उजेड दिसत होता, इतकं वाकलेलं. सिलिंडरमध्ये बोट घातलं तर ओरखडे नखाला अडकत होते. मी बोट बाहेर काढलं, पुसलं.

"यातलं काय वाचेल?" त्याने विचारलं.

"चाकं."

त्याने सगळे बोल्ट एका डब्यात भरले, एकही न हरवता, आणि डबा गाडीतच ठेवला. मेलेल्या इंजिनाचे बोल्ट कुणी असे भरत नाही. तो भरत होता, मी थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात जहाज आलं. रेडिएटर आला, चकचकीत, खोक्यात. बंदरावरून बसने आणि मग खांद्यावरून तो घरी घेऊन आला आणि बापाच्या खाटेशेजारी ठेवला. तानिएलाला बोलता येत नव्हतं. त्याने खोक्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. तो सगळं समजत होता.

फळं तोडायला जाणाऱ्यांत फिलिमोनेने नाव दिलं. नव्या गाडीपुरतं मिळवायचं तर एक हंगाम पुरणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

निघायच्या आधी एका सकाळी लुपे माझ्याकडे आली. मी कोयत्याला धार लावत होतो. ती उभी राहिली. मी बाक पुढे केला, बसली नाही.

"काका, खरं सांगा. मी उठले असते तर इंजिन वाचलं असतं?"

"हो. झाडांपाशी थांबलात तेव्हा वाचलं असतं."

खोटं बोलून तिचं काय भलं झालं असतं?

तिने बाकाच्या कडेला हात टेकला. मग म्हणाली, "सीट तापली होती. चटईतून चटके बसत होते. मुआपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? भावाला? मी बसलेय ती जागा तापलीय म्हणून सांगू?" तिचे कान लाल झाले. "आणि सगळ्याजणी उतरल्या, मला वाटलं आडोशाला गेल्या. तो समोर उभा होता. तो बघत असताना मी कशी उतरू त्यांच्यामागे? म्हटलं, तो लांब गेला की उतरेन. तो दारापाशीच उभा राहिला. पाणी पीत."

मी कोयता खाली ठेवला. म्हणजे तो ती उतरायची वाट बघत होता आणि ती तो हलायची.

"त्याने तुला उठ म्हटलं असतं तर?"

"उठले असते." मग तिने विचार केला. ती विचार न करता बोलत नाही. "आणि तो परत कधी माझ्या दारावरून मान वर करून गेला नसता. आता तरी कुठे जातोय?"

"तुझी चूक नाही यात."

"चूक कुणाची ते विचारायला मी आले नाही. तो गेल्यावर बाबांना कोण उचलणार?"

"सेइनी आहे. मी आहे."

"सेइनी काडीसारखी आहे आणि तुम्ही म्हातारे." हे ती साध्या आवाजात म्हणाली, तांदूळ संपलेत असं सांगावं तसं. "मी येते राहायला. तो घरात असेपर्यंत मला येता येत नव्हतं. आता येता येईल." मग तिने ज्यासाठी आली होती ते सांगितलं. "काका, गाडीतली ती सीट काढून द्या. बाबा सारखे आडवे असतात. बसवता येतील."

चारही बोल्ट गंजलेले. तेल सोडलं, वाट बघितली, पाना लावला. एक तुटला, तो छिन्नीने काढला. सीट उलटी केली तर खालचं कापड करपून काळं झालं होतं, आतला काथ्या दिसत होता. एवढ्या आगीवर ती बाई निउतोउआच्या चढापर्यंत हूं न करता बसली होती. मी नवं कापड शिवून घेतलं आणि खाली लाकडी चौकट ठोकली. चौकट नीट झाली. तानिएलाचं वजन पेलते.

फिलिमोने गेला त्या दिवशी त्याने बापाला शेवटचं उचललं, सीटवर बसवलं, मान कोपराने सावरली आणि पायांवर चादर घातली. सेइनी रडली. तो नाही. जाताना गाडीपाशी थांबला, सीटच्या जागी मोकळं दिसणारं इंजिन बघितलं आणि बसकडे चालू लागला. लुपे तेव्हा माझ्या घरात होती, गाठोडं मांडीवर घेऊन. बस गावातल्या वटवाघळं लटकतात त्या झाडांपलीकडे वळली, आवाज थांबला, मग ती उठली आणि भावाच्या घरी राहायला गेली.

आता तानिएलाला आम्ही तिघं उचलतो. तीन माणसं मिळून एकाचं काम करतो आणि त्याच्याइतकं नीट होत नाही. लुपे जोर लावते पण कंबरेने. मी सांगितलं, ऐकते, दुसऱ्या दिवशी परत तेच. चटया विणून तिची पाठ आधीच गेलेली. एकदा तानिएला आमच्या हातून जवळजवळ निसटला. लुपे त्या संध्याकाळी जेवली नाही.

परवा रविवारी चर्चनंतर फिलिमोनेचा फोन आला. सेइनीने फोन आवाज मोठा करून बापाच्या सीटपाशी ठेवला. लुपे लगेच उठून बाहेर गेली आणि खिडकीखाली पायरीवर बसली. पलीकडे वारा होता, माणसांचा गलका होता. तो बापाशी बोलला. थंडी फार, सफरचंदं फार, रोज उकडलेले बटाटे, कुणी तारोचा कंद दिला तर पाया पडेन, असं काहीबाही. तानिएलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, सेइनी पुसत होती.

मग तो म्हणाला, "काका आहेत का तिथे?"

"आहे."

"बाबांना कोण उचलतं?"

"आम्ही सगळे."

"नीट होतं?"

"नाही."

"सगळ्यांना सांगा काका. हाताने उचलू नका. आधी डावा गुडघा खाटेवर टेका, पार आत. बाबांची छाती आपल्या छातीला लागली पाहिजे. मग उठायचं, आणि उठताना श्वास सोडायचा. पाठ मोडून घेऊ नका कुणी." मग तो थांबला. "कुणीच."

"सांगतो," मी म्हणालो.

खिडकीबाहेर लुपे समोर अंगणात बघत होती. तिथे गाडी उभी आहे, ताडपत्री टाकून. तिने मान वळवली नाही.

आज सकाळी मी पोचलो तेव्हा सेइनी दारात उभी होती. तिने बोट ओठांवर ठेवलं. आत लुपेने डावा गुडघा खाटेवर टेकला होता, पार आत. बापाची छाती तिच्या छातीला लागली होती. ती श्वास सोडत उठत होती.